मॅडम, आज चर्चा कोण चालवणार?

ऑनलाइन वर्गात शिक्षकानं प्रश्न टाकला की पुढे काय होतं, हे आता सगळ्यांच्या परिचयाचं आहे. पहिलं उत्तर येतं वर्गातल्या नेहमीच्या हुशार मुलीचं. परिच्छेद पाडलेलं, शुद्धलेखन तपासलेलं, शेवटी ‘धन्यवाद मॅडम’. दुसरं येतं त्यातलेच शब्द मागेपुढे करून. तिसऱ्यापासून ‘सहमत’, ‘छान मांडलंस’, मग नुसते अंगठे आणि जोडलेले हात. भरलेला गट, पंधरा-वीस संदेश, आणि त्यातला एकही दुसऱ्या संदेशाला उद्देशून नाही. सगळी उत्तरं मॅडमकडे तोंड करून उभी. याला आपण चर्चा म्हणतो, पण ही रांगेत घेतलेली तोंडी परीक्षा असते.

मी बी.एड.च्या मुलामुलींना शिकवते. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि आम्ही सगळेच एका रात्रीत ऑनलाइन आलो. पहिलं वर्षभर चर्चा मीच चालवल्या आणि वर लिहिलंय तसंच व्हायचं. मग एकदा चर्चा मुलांच्या हाती दिली. ती फसली. पुन्हा दिली, या वेळी आधी तयारी करून घेऊन, आणि ती चालली. वर्ग पुन्हा चार भिंतींत भरायला लागले तरी ही ऑनलाइन चर्चा आम्ही सोडली नाही. विद्यार्थ्यानं आपल्याच वर्गमित्रांची चर्चा चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं, आणि त्यासाठी शिक्षकानं काय करायचं, ते इथे सांगते.

आमच्याकडे रचना साधी आहे. एक विषय, दहा-बारा जणांचा गट, सोमवार ते शुक्रवार. दोघांची जोडी त्या आठवड्याची चर्चा चालवते. प्रश्न ती ठरवते, गप्प असलेल्यांना बोलतं करते, कोण काय म्हणालं ते एकमेकांशी जोडते आणि शेवटी सार लिहिते. पुढच्या आठवड्यात दुसरी जोडी. मूडलसारखं ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर असो, गुगल क्लासरूम असो की साधा व्हॉट्सॲप गट, काम तेच.

चर्चा लेखी आणि पाच दिवसांची ठेवण्यामागे कारण आहे. माझ्या वर्गातल्या कित्येक जणींना रात्रीचा स्वयंपाक, भांडी आवरून मुलं झोपल्यावरच फोन हातात मिळतो. कुणी दिवसभर खाजगी शाळेवर शिकवतं, कुणी शेतावर असतं, कुणाच्या घरी दोन भावंडांत एक फोन. संध्याकाळी पाचला गुगल मीटवर या म्हटलं की यातले निम्मे आपोआप गळतात. लेखी चर्चेत सकाळी सहाला लिहिणाराही असतो आणि रात्री साडेअकराला लिहिणारीही. शिवाय उत्तर लिहून, वाचून, खोडून पुन्हा लिहिता येतं. वर्गात ही सवड कुठे मिळते? अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तेव्हा असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट बघतात ती सरासरी एकच सेकंद. ती तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. लेखी चर्चेत तीन सेकंदच काय, अख्खा दिवस मिळतो.

मुलांच्याच हाती का द्यायची?

ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ डग्लस बार्न्स यांनी वर्गातल्या बोलण्याचे दोन प्रकार वेगळे काढून दाखवले. एक पक्कं बोलणं: विचार आधीच करून झालाय, आता तो नीट मांडायचा. दुसरं कच्चं, चाचपडत केलेलं बोलणं: ‘म्हणजे असं असेल का... नाही, थांब, तसं नाही...’ शिकण्याचं बरंचसं काम या दुसऱ्या बोलण्यात होतं. आणि नेमकं हेच बोलणं शिक्षकासमोर होत नाही, कारण शिक्षक मार्क देणारा असतो. मार्क देणाऱ्यापुढे कच्चं कोण ठेवणार? मैत्रिणीपुढे मात्र ते ठेवता येतं. ‘मला हे कळलंच नाही गं’ हे वाक्य माझ्या चर्चांमध्ये वर्षभरात कधी आलं नव्हतं. मुलींच्या चर्चेत ते दुसऱ्याच दिवशी आलं, आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली.

ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाच्या ऑनलाइन खगोलशास्त्राच्या अभ्यासक्रमांचा मार्गारेट माझोलिनी आणि सारा मॅडिसन यांनी अभ्यास केला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक जितकं जास्त लिहीत होते, तितकं विद्यार्थी कमी लिहीत होते आणि चर्चा आखूड होत होत्या. गंमत अशी की जास्त लिहिणाऱ्या शिक्षकांना विद्यार्थी अधिक उत्साही आणि जाणकार मानत होते. शिक्षक आवडतो, पण तो बोलायला लागला की बाकीचे थांबतात. मला हे अगदी पटतं. मी एक ओळ लिहिली की गट शांत व्हायचा, जणू निकाल लागला.

पण म्हणून शिक्षकानं पाठ फिरवायची का? नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० साली एक मांडणी केली. ऑनलाइन शिक्षणावर लिहिणारे लोक आजही तिच्याकडे वळतात. ऑनलाइन वर्ग जिवंत राहायला तीन गोष्टींचं अस्तित्व जाणवावं लागतं, असं ते म्हणतात. पलीकडे खरी माणसं आहेत हे जाणवणं, विचार चाललाय हे जाणवणं, आणि शिकवणं चाललंय हे जाणवणं. तिसऱ्या गोष्टीला त्यांनी मुद्दाम ‘शिक्षकाचं अस्तित्व’ म्हटलं नाही, ‘शिकवण्याचं’ म्हटलं. शब्द छोटा आहे, पण त्यानं दार उघडलं. आखणी करणं, चर्चा पुढे नेणं, जिथे चुकतंय तिथे सांगणं ही शिकवण्याची कामं आहेत आणि त्यांतलं काही विद्यार्थीही करू शकतात.

सूत्रसंचालन नव्हे

पहिल्यांदा चर्चा फसली ती का, हे कळायला मला वेळ लागला. आपल्याकडे मुलांना ‘चालवणं’ म्हटलं की एकच चित्र माहीत असतं: गॅदरिंगचं सूत्रसंचालन. त्या जोडीनंही तेच केलं. सुरुवातीला चार ओळींची चारोळी, मग ‘आता मी अमुक यांना विनंती करते की त्यांनी आपले विचार मांडावेत’, मग ‘अतिशय सुंदर विचार, धन्यवाद’, मग पुढचं नाव. मुलींनी मनापासून मेहनत घेतली होती. पण सूत्रसंचालक एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे माइक नेतो. पहिला वक्ता काय म्हणाला याचं दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं. चर्चेत सगळा जीव त्या देण्याघेण्यातच असतो.

मला दिंडीतला विणेकरी जवळचा वाटतो. वीणा त्याच्या गळ्यात असते, पण सगळ्यात जास्त आवाज त्याचा नसतो. टाळकऱ्यांच्या मधोमध तो उभा असतो आणि त्याच्यामुळे दोन्ही रांगा एकाच अभंगात राहतात. चर्चा चालवणाऱ्यानं गटात सगळ्यात जास्त लिहायचं नाही, पण सगळ्यात जास्त वाचायचं, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते.

प्रश्नावर अर्धं काम

चर्चा पुढे जाते की जागीच बसते, हे पुष्कळदा सोमवारच्या पहिल्या संदेशातच ठरून जातं. मागे एका जोडीला विषय मिळाला होता नापास न करण्याचं धोरण. भावी शिक्षकांना तो माहीत असायलाच हवा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम १६ नुसार आठवी होईपर्यंत कुणाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली: पाचवी आणि आठवीला परीक्षा घेता येईल, नापास झालेल्याला जादा शिकवून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यायची, आणि त्यातही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही ते राज्यांनी ठरवायचं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये त्यानुसार नियम बदलले.

जोडीनं आणलेला पहिला प्रश्न असा होता: ‘नापास न करण्याच्या धोरणाचे फायदे व तोटे सांगा.’ मी विचारलं, याचं उत्तर गाइडमध्ये मिळेल का? मिळेल म्हणाल्या. मग गट कशाला लागतो? त्या दोघी दोन दिवस विचार करून परत आल्या. नवा प्रश्न हा:

‘पाचवीतली मुलगी. आई-वडील ऊसतोडीला जातात, ती दिवाळीनंतर पाच महिने त्यांच्याबरोबर कारखान्यावर होती. वार्षिक परीक्षेत गणितात आणि मराठीत नापास. पुनर्परीक्षेत मराठी निघालं, गणित राहिलं. तुम्ही तिचे वर्गशिक्षक. तुमच्या हातात असतं तर तिला सहावीत घातलं असतं का? आधी हो किंवा नाही लिहा. मग एकच कारण लिहा, पण ते आतापर्यंत कुणी न दिलेलं हवं.’

यात काय बदललं बघा. माणूस आला. निर्णय घ्यावा लागला, म्हणजे नुसतं ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ म्हणून सुटता येईना. आणि शेवटच्या अटीमुळे आधीचं सगळं वाचल्याशिवाय लिहिताच येईना. ती अट मला सुचली नव्हती, त्या मुलींचीच. (मूडलमध्ये अशीही एक सोय आहे की स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्यांचं दिसतच नाही. सुरुवातीला प्रत्येकाचं स्वतंत्र मत हवं असेल तेव्हा ती उपयोगी पडते. इथे नेमकं उलट हवं होतं.)

विणकाम

आता मुख्य गोष्ट. गॅरिसन आणि सहकाऱ्यांनी चर्चेतल्या विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या. ठिणगी पडते, मग लोक चाचपडतात, मग विखुरलेले मुद्दे जुळायला लागतात, आणि शेवटी काही तोडगा निघतो किंवा तपासून पाहिला जातो. ही कल्पना मूळची जॉन ड्युई यांच्या विचारातून आलेली आहे; कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे ते हेच ड्युई. ऑनलाइन चर्चांच्या अभ्यासांत वारंवार एक गोष्ट दिसली आहे: बहुतेक चर्चा दुसऱ्याच पायरीवर अडकतात. प्रत्येक जण आपापला अनुभव टाकतो, ढीग होतो, त्या ढिगातून काही विणलं जात नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात ऑनलाइन गटांवर काम केलेल्या जिली सॅमन यांनी चर्चा चालवणाऱ्याच्या या कौशल्याला विणकामाचीच उपमा दिली आहे.

ऊसतोडीच्या त्या चर्चेत मंगळवार रात्रीपर्यंत आठ संदेश आले होते. तीन जण म्हणत होते मागे ठेवा, पाया कच्चा राहील. चार जण म्हणत होते पुढे घाला. मागे ठेवलं तर शाळा सुटेल, धाकट्या भावाला सांभाळायला घरीच बसवतील. गटात एक वयानं मोठ्या, लग्न झालेल्या विद्यार्थिनी आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या एका शाळेत शिकवतात. त्यांनी हो-नाही काहीच लिहिलं नाही. एवढंच लिहिलं: ‘माझ्या वर्गात अशी दोन मुलं होती. कारखान्याच्या गावात त्यांचं शाळेत नावच घातलं नव्हतं.’

चर्चा ‘हो’ आणि ‘नाही’ची मोजणी होऊन इथेच थांबली असती. बुधवारी सकाळी त्या जोडीतल्या एकीनं हे लिहिलं:

‘आतापर्यंतचं सगळं मी परत वाचलं. मागे ठेवा म्हणणारे आणि पुढे घाला म्हणणारे खरं तर एकाच गोष्टीला घाबरतायत असं मला वाटतं, ती मुलगी शाळेपासून तुटेल याला. एक बाजू म्हणते न कळल्यामुळे तुटेल, दुसरी म्हणते लाजेमुळे तुटेल. ताई, तुम्ही तिसरंच सांगितलंत, ती पाच महिने कुठल्याच शाळेत नव्हती. मग आपला प्रश्न पाचवी की सहावी हा आहे, की ते पाच महिने हा आहे? मागे ठेवा म्हणणाऱ्यांना विचारते, पुढच्या दिवाळीनंतर ती परत गेली तर? आणि पुढे घाला म्हणणाऱ्यांना, सहावीत अपूर्णांकांचं गणित येईल तेव्हा तिच्या शेजारी कोण बसेल?’

मी हा संदेश पुढच्या प्रत्येक तुकडीला दाखवते. त्यात नवी माहिती एकही नाही. सगळं दुसऱ्यांनीच लिहिलेलं आहे. पण तिनं दोन भांडणाऱ्या बाजूंखालची एकच भीती शोधली. बाजूला पडलेला ताईंचा संदेश उचलून मधोमध आणला. प्रश्नच बदलला. आणि दोन्ही बाजूंना त्यांच्याच मुद्द्यातली अवघड जागा दाखवली, तीही न दुखावता. त्या दिवशी रात्रीपर्यंत चर्चा कुठल्या कुठे गेली. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं, मुलगी जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड, हे सगळं मुलांनीच शोधून आणलं. मी शिकवलं असतं तर टिपणात दोन ओळी झाल्या असत्या.

हे जमतं कसं? जोडीला मी एक वही घालायला सांगते. रोज रात्री सगळे संदेश वाचायचे आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: कुणाचं कुणाशी जुळतंय, कुणाचं कुणाशी अडतंय, कुणाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. सकाळी त्यातून एकच संदेश लिहायचा. एकच. दर उत्तराखाली ‘छान’ लिहिणारी जोडी दमते आणि गटालाही दमवते.

दाद द्यायचीच नाही असं मात्र नाही. सिंगापूरमध्ये खे फून ह्यू आणि विंग सम चेउंग यांनी विद्यार्थ्यांनी चालवलेल्या चर्चा तपासल्या, तेव्हा ज्यांच्या चर्चेत लोक जास्त बोलले ते विद्यार्थी काय करत होते, याची नोंद २००८ मध्ये केली. ते आपलं मत किंवा अनुभव सांगत, प्रश्न विचारत, दाद देत, सुरुवातीलाच नियम ठरवून देत, चर्चा अडली की नवी वाट सुचवत, नाव घेऊन बोलावत आणि सार काढत. दाद यात आहेच. फक्त ती कशाला, हे सांगायला हवं. ‘छान मांडलंस’ यानं काही होत नाही. ‘तू लाजेचा मुद्दा काढलास, तो माझ्या डोक्यातच नव्हता’ यानं समोरचा पुढे लिहितो.

चालवण्याची पद्धत मात्र एकच नसते. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात एव्रिम बारान आणि आना-पाउला कोरेया यांनी विद्यार्थ्यांनी चालवलेल्या चर्चांमध्ये तीन ढंग पाहिले: काटेकोर आखणीचा, स्वप्नं पाहायला लावणारा, आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर उभा असलेला. तिन्हींतून चांगली चर्चा झाली. म्हणून मी कुणाला साच्यात बसवत नाही. ताईंनी चर्चा चालवली तेव्हा सगळी शाळेतल्या प्रसंगांवर चालली. एका मुलानं चालवली ती वेळापत्रकासारखी आखून. दोन्ही चालल्या.

गप्प असणारे

गप्प असलेला प्रत्येक जण आळशी नसतो. कुणाचा रिचार्ज संपलेला असतो. कुणी वाचतंय, विचार करतंय, फक्त लिहीत नाही. आणि बऱ्याच जणांना आपल्या मराठीची भीती असते. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणारा मुलगा ‘ण’ आणि ‘न’ चुकेल म्हणून लिहीत नाही, हे मला एका मुलीनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मला तो कधीच सांगणार नव्हता.

इथे वर्गमित्र जे करू शकतो ते शिक्षक करूच शकत नाही. जोडी अशा मुलांना गटात नाव घेऊन हटकत नाही, आधी खाजगी संदेश पाठवते: ‘तू मागे कॅन्टीनमध्ये तुझ्या गावच्या शाळेचं सांगत होतास ना, ते इथे हवंय. बोलून पाठवलंस तरी चालेल.’ बोलून पाठवायची परवानगी ही आमच्याकडची सगळ्यात उपयोगी सवलत ठरली. दीड मिनिटाचा आवाजी संदेश येतो, त्याच्या स्वतःच्या बोलीत, आणि जोडी त्याखाली दोन ओळींत मुद्दा लिहून टाकते म्हणजे शोधायला सोपं. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्यांनाही आम्ही टोकत नाही.

भांडण झालं तर

हे टाळून चालणार नाही. त्याच ऊसतोडीच्या चर्चेत गुरुवारी एकानं लिहिलं, ‘या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.’ त्याच गटात एक मुलगी होती, जिचे आई-वडील फडावर जातात. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण जोडीतल्या एकीला माहीत होतं.

त्या दोघींनी आधी तिला खाजगीत लिहिलं: ‘वाचलं. तू काही लिहायची गरज नाही, आम्ही बघतोय.’ मग मला कळवलं. मग गटात: ‘ “या लोकांना” म्हणजे नेमकं कुणाला? आपल्या वर्गात कुणाचे आई-वडील काय काम करतात हे आपल्याला माहीत नसतं. किंमत नाही हे आपण कशावरून म्हणतो, तो आधार लिही. आधार नसेल तर वाक्य मागे घे.’ मुलीचं नाव नाही, मुलाला शिव्या नाहीत, पण वाक्य तसंच पडूही दिलं नाही. मी त्या मुलाला फोन केला. त्यानं वाक्य मागे घेतलं. ती मुलगी पुढे त्या चर्चेत काही बोलली नाही आणि तिनं बोलावं असा आग्रह कुणी धरला नाही.

जात, धर्म, घर, पैसा, कुणाचं दिसणं यांवर कुणाला लागेल असं काही आलं, तर तासाभरात मला कळवायचं, हा आमचा ठरलेला नियम आहे. तिथून पुढची जबाबदारी माझी. वीस-बावीस वर्षांच्या मुलीवर गटातलं भांडण मिटवायचं ओझं टाकून शिक्षकानं लांब उभं राहणं मला मान्य नाही.

शिक्षकाचं काम

चर्चेच्या आधी जोडीला अर्धा तास देणं हे माझं सगळ्यात मोठं काम. प्रश्न बघायचा, काय काय अडेल त्याचा अंदाज घ्यायचा. चर्चा सुरू झाली की रोज वाचते, गटात लिहीत नाही. जोडीला खाजगीत एखादी ओळ पाठवते. आणि सोमवारी गटात एवढं नक्की लिहिते की मी रोज वाचणार आहे, नाहीतर मॅडमनी अंग काढून घेतलं असं वाटतं.

चुकीची माहिती आली की हात शिवशिवतो. एकानं लिहिलं होतं, ‘शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत परीक्षाच नव्हती.’ हा गैरसमज शिक्षकांमध्येही आहे. कायद्यानं मागे ठेवायला मनाई केली होती, मूल्यमापनाला नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन त्याच कायद्यात सांगितलेलं आहे. मी गप्प राहिले. जोडीनं विचारलं, ‘कुठलं कलम? वाचून टाकशील का इथे?’ तो कलम १६ वाचून आला, मग २९, आणि आपली चूक त्यानंच लिहिली. शुक्रवारपर्यंत कुणी विचारलं नसतं तर मी दुरुस्त केलं असतं. चूक तशीच ठेवून चर्चा बंद करायची नाही.

जोडीत कामं कशी वाटली जातात, यावरही नजर ठेवावी लागते. मुलगा-मुलगी जोडी असली की सार लिहिणं, गप्प असलेल्यांना विचारणं ही कामं गुपचूप मुलीकडे सरकतात आणि मुलगा पोल बनवतो. आम्ही बुधवारी कामं अदलाबदल करतो.

मीटवर थेट चर्चा असेल तर एकच वेगळी गोष्ट सांगते: प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजायचं, शांतता कितीही बोचली तरी. आणि दोघांपैकी एकानं फक्त चॅटकडे बघायचं.

राहिला मार्कांचा प्रश्न. ‘एक मत आणि दोन प्रतिसाद लिहिल्यास पाच मार्क’ असा नियम लावला की शुक्रवारी रात्री प्रतिसादांचा पाऊस पडतो, सगळे ‘सहमत’. आता मी संदेश मोजत नाही. प्रत्येकानं आठवड्याच्या शेवटी आपले दोन संदेश निवडून द्यायचे: एक, ज्यात दुसऱ्याच्या मुद्द्यावर काही बांधलं, आणि दुसरा, ज्यात आपलं मत बदललं किंवा हललं. इंटर्नलचे मार्क त्यावर. जोडीचे मार्क तिच्या वहीवर, चर्चा किती रंगली यावर नाही.

शुक्रवारी जोडी सार लिहिते, दहा-बारा ओळींचं. कुठे एकमत झालं, कुठे नाही झालं आणि का, आणि काय कळलंच नाही. तिसरा भाग लिहायला मुलं कचरतात, म्हणून त्याशिवाय सार पूर्ण धरलं जात नाही. ऊसतोडीच्या चर्चेच्या सारात तिथे लिहिलं होतं: ‘हंगामी वसतिगृह गावात असूनही काही पालक मुलींना तिथे का ठेवत नाहीत, हे आपल्यापैकी कुणीच सांगू शकलं नाही.’ पुढच्या आठवड्याच्या जोडीनं आपला ठरलेला विषय बाजूला ठेवून हाच घ्यायची परवानगी मागितली. रविवारी त्यांनी ताईंकडून एका वसतिगृहात काम करणाऱ्या बाईंचा नंबर घेतला, त्यांच्याशी तासभर बोलल्या, आणि सोमवारचा प्रश्न त्यातून लिहिला.